पिंजारणीनं मारलं तेव्हा वर्ग हसला

माझी नात शाळेत शिकवते. परवा ती घरी बसून सरकारी छापील कागद भरत होती आणि एकेक प्रश्न मोठ्यानं वाचत होती. 'मुले वर्गात आनंदी असतात का?' मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आजोबा, तुमच्या वेळी असं कुणी विचारायचं का हो?"

मी हसून वेळ मारून नेली. पण त्या रात्रीपासून जेवण नीट जात नाही. मी निजामी राज्यात मास्तर होतो. मास्तरकीच्या दुसऱ्या वर्षी मी एका नऊ वर्षांच्या पोराची दोन बोटं मोडली होती. का, तर तो वर्गात हसला म्हणून. हे मी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही.

आमचं गाव मुरुमच्या बाजूला. घरात मराठी, बाजारात निम्मी कानडी आणि शाळेत उर्दू. शाळेत गेलेल्या पहिल्या दिवशी मास्तर काय बोलतोय ते मला कळलं नाही आणि न कळल्याबद्दल मी मार खाल्ला. घशातून काढायचा 'क' मला कितीतरी महिने निघाला नाही. एके दिवशी मास्तरानं डाव्या कानाखाली अशी लगावली, की कानातून रक्त आलं आणि तो कान कायमचा गेला. वडलांनी रक्त बघितलं. दुसऱ्या दिवशी मला स्वतः दंडाला धरून शाळेत नेलं आणि मास्तराला म्हणाले, "तुमी काय करायचं ते करा. पर पोरगं हपिसात बसलं पायजे." मास्तरानं मग सगळ्या पोरांना दिसेल असं मला आढ्याला हात बांधून टांगलं. मी पास झालो. मार खाल्ला म्हणून पास झालो, असं मला मनापासून वाटायचं.

एकोणिसाव्या वर्षी मला तामलवाडीच्या पुढं दोन कोसांवर एका खेड्यात नेमणूक मिळाली. धर्मशाळेची एक लांबट खोली, चाळीस पोरं आणि मी एकटा. पोरं बहुतेक शेतकऱ्यांची, चार-पाच मुसलमानांची, तीन मुली. मी पहिल्याच दिवशी ओढ्याकाठी जाऊन निरगुडीचे फोक तोडून आणले आणि पाण्यात भिजत घातले. भिजलेला फोक लवतो, तुटत नाही आणि वळ दोन दिवस राहतो.

मी रोज मारायचो. उशिरा आला म्हणून, पाटी फुटली म्हणून, उत्तर आलं नाही म्हणून, आणि आलं तर उच्चार चुकला म्हणून. पोरं माझी चाहूल लागली की चड्डी ओली करायची. एक मुलगी रोज शाळेच्या वाटेवर ओकायची, तिच्या आईनं येऊन विचारलं, "मास्तर, हिच्या पोटाचं काय करावं?" मी म्हणालो, "शिळं देऊ नका." मला ठाऊक होतं ती का ओकते. त्याचा मला थोडा अभिमानही होता.

शाळा तपासायला साहेब आले तेव्हा चाळीस पोरं मान खाली घालून बसली होती. माशी घोंगावलेली ऐकू येत होती. साहेबांनी वहीत लिहिलं, 'शिस्त उत्तम.' मी ते पान किती वेळा उघडून वाचलं असेल.

त्या पोरांत एक पिंजारणीचा मुलगा होता. नवरा मेल्यावर ती बाई घरोघर जाऊन कापूस पिंजायची, गाद्या-दुलया भरायची. पोराला हसायची खोड होती. मुद्दाम नाही, त्याला कशाचंही हसू यायचं. त्या दिवशी मी पाढे म्हणून घेत होतो, तेवढ्यात एक शेळी दारातून आत आली, सरळ माझ्या चौरंगापाशी आली आणि हजेरीच्या वहीचं पान ओढून खाऊ लागली. साहेबांनी शेरा लिहिला होता तेच पान. मी तिच्या तोंडातून ते ओढायला लागलो. शेळी सोडेना, मी सोडेना. सगळा वर्ग दगडासारखा बसलेला. आणि पिंजारणीचं पोरगं फिस्सकन हसलं.

मी शेळीला सोडलं. त्याला पुढं बोलावलं, उजवा हात चौरंगावर ठेवायला लावला आणि रेघा मारायचा सागवानी रूळ पालथ्या बोटांवर हाणला. पहिल्या तडाख्याला तो ओरडला. दुसऱ्याला आवाज आला तो त्याचा नव्हता, हाडाचा होता. मी तो आवाज ओळखला, आणि तरी तिसरा मारला. हे मात्र लिहिलंच पाहिजे. ओळखून मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना चालू होती. पिंजारीण दारात उभी राहिली. तिच्या हातात पिंजणाची तार ठोकायचा लाकडी दस्ता होता, मधे बारीक आणि दोन्ही टोकांना जाड. मला वाटलं रडायला आलीय.

"मेरे पोट्टे का हात किनं तोडा?" तिनं विचारलं. मग मराठीत, अगदी हळू, "कुणी मोडला रं हात?"

"वर्गात बेअदबी केली त्यानं," मी म्हणालो.

पहिला दस्ता माझ्या खांद्यावर बसला, दुसरा गुडघ्यावर. मी वाकलो तसा तिसरा कपाळावर. कापूस पिंजून पिंजून तिचे हात लोखंडाचे झाले होते. मी खाली पडलो. डोळ्यांत रक्त उतरलं. ती वरून मारत होती आणि प्रत्येक घावाला म्हणत होती, "तू शिकवतूस का मारतूस? येक काय ते कर! येक काय ते कर!"

आणि तेव्हा वर्ग हसला.

आधी कुणीतरी एक हसलं. मग दुसरं. मग सगळीच्या सगळी पोरं पोट धरून, एकमेकांच्या अंगावर पडून हसायला लागली. ती ओकणारी मुलगी टाळ्या पिटत होती. मी तोंड जमिनीला लावून पडलो होतो, चांगला कान वर होता. दीड वर्षात त्या खोलीत सगळा वर्ग हसलेला मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

दुपारी मी डोक्याला फडकं बांधून पाटलाच्या ओट्यावर बसलो. पाटील म्हणाले, "मास्तर, तुमी सरकारचं माणूस. बाईनं हात टाकला म्हंजी सरकारवर टाकला. तुमी नुस्तं व्हय म्हना." मी व्हय म्हणालो. मान हलवूनसुद्धा चाललं असतं, पण मी तोंडानं, स्पष्ट म्हणालो.

तिला चावडीपुढच्या लिंबाला बांधलं. पोरांना मुद्दाम बोलावलं होतं, अद्दल घडावी म्हणून. पाटलाच्या गड्यानं बैलाचा आसूड घेतला. एक ओढला. ती ओरडली नाही. दुसरा ओढला तेव्हा पाठीवरचं लुगडं फाटलं. तिसऱ्याला तिचं पोरगं गर्दीतून सुटून आलं, एक हात गळ्यात बांधलेला, आणि त्यानं गड्याच्या पोटरीचा असा चावा घेतला, की गडी बोंबलत खाली बसला. गड्यानं त्याला लाथेनं उडवलं. मी तेव्हा "बस, बस" म्हणालो. एवढ्या हळू म्हणालो, की ते पाटलांखेरीज कुणाला ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून शाळेत कुणी आलं नाही.

आईबाप पोरांना बदडून घराबाहेर काढायचे, पोरं शाळेकडं निघायची आणि मधेच गायब व्हायची. मी आठ-दहा दिवस रिकाम्या खोलीत एकटा बसलो. शेवटी एक दिवस ओढ्याकडून आवाज आला म्हणून तिकडं गेलो, फोक घेऊनच गेलो.

निरगुडीच्या जाळीआडून बघितलं. पोरं शाळा-शाळा खेळत होती. एक पोरगं मास्तर झालं होतं. त्यानं मान डाव्या खांद्याकडं वाकडी केली होती, चांगला कान पुढं करून, मी करतो तशी. पुढ्यात एक सरडा काटकीला दोऱ्यानं बांधला होता.

"अलिफ म्हन," मास्तर म्हणाला.

सरडा काय म्हणणार. मास्तरानं फोक ओढला.

"बे म्हन. हसतूस का रं? हसतूस?"

फोकावर फोक. बाकीची पोरं गोल करून उभी होती, आपापली पाळी यायची वाट बघत. पाळी आली की प्रत्येकजण मान वाकडी करायचा, प्रश्न विचारायचा आणि मारायचा. सरडा केव्हाच मेला होता. त्याचं नुसतं कातडं राहिलं होतं, तरी त्याला विचारणं चालू होतं. ती ओकणारी मुलगीही रांगेत उभी होती.

मी तिथंच बसलो. दीड वर्षात मी पोरांना काय शिकवलं असं कुणी विचारलं असतं, तर पाढे, अलिफ-बे, कविता असं काहीबाही सांगितलं असतं. पोरांना नीट आलेली गोष्ट ही एवढीच होती, आणि ती त्यांना बिनचूक आली होती.

तसाच उठून पिंजारणीच्या घरी गेलो. ती अंगणात पालथी निजली होती, पाठीवर हळद आणि तेल. पोरगं तिच्या उशाशी. हाडवैद्यानं बोटं बसवली होती, पण वाकडी बसली होती.

"माफी मागायला आलोय," मी म्हणालो.

"माफी?" तिनं मान वळवली नाही. "ती भरून दुलई व्हती का?"

मी उभाच राहिलो. मग ती म्हणाली, "ह्या हातानं त्यो आता पिंजण धरायचा न्हाय. त्येच्या बापाचा धंदा गेला. तवा त्येला शिकवा. डाव्या हातानं लिवायला शिकवा. आन् म्या शाळंच्या दारात बसनार. रोज. तुमी परत हात उचलला, तर ह्या खेपंला म्या थांबायची न्हाय."

"पाटील..." मी म्हणालो.

"पाटलाला तुमी सांगायचं. तितं व्हय म्हनला न्हवं? आता हितं व्हय म्हना."

मी व्हय म्हणालो.

पाठ बरी झाल्यावर ती आली. दारात पोतं अंथरलं, पिंजण लावलं, कापसाचा ढीग टाकला आणि कामाला लागली. पाटलांना मी काय सांगितलं ते इथं सांगण्यासारखं नाही, पायच धरले म्हणा. पोरं तिला बघायला म्हणून आली आणि बसली. मी फोक मोडून चुलीत घातले होते.

यानंतर सगळं गोड झालं असं वाटेल, पण तसं झालं नाही. मास्तर मारत नाही हे कळल्यावर पोरांनी पंधरा दिवस माझा सूड घेतला. शेण फेकलं. माझ्या पाण्याच्या तांब्यात मुतली. आपापसात तर अशी मारामारी करायची, की एकाचा दात पडला, एकाच्या डोक्याला खोक पडली. माझा हात शिवशिवायचा. मला मारण्याखेरीज शिकवायची दुसरी कुठलीच रीत येत नव्हती. हात वर गेला की दारातली तार वाजायची थांबायची. मी दाराकडं बघायचो. ती माझ्याकडं बघत असायची. मग मी हात खाली घ्यायचो.

एक दिवस वैतागून मी पुस्तक मिटलं आणि पिंजारणीच्या पोराला घेऊन बाजूला बसलो. त्याच्या डाव्या हातात बोरू दिला. चालेना. टोक कागदाला ओरखडायचं. मग लक्षात आलं, बोरूची छाटणी उजव्या हातासाठी असते. मी चाकूनं टोक उलट्या बाजूनं छाटून दिलं. उर्दू उजवीकडून डावीकडं जाते. उजव्या हातानं लिहिताना आमच्या सगळ्यांच्या तळहातानं ओली शाई पुसायची. त्याचा डावा हात मात्र शाईच्या पुढं पुढं सरकत होता. त्यानं एक ओळ लिहिली. स्वच्छ. दुसरी लिहिली.

"मास्तर, पुसलं न्हाय!" तो ओरडला. "बघा की, पुसलंच न्हाय!"

पोरं उठून धावली. माझ्या अंगावर रेललीच. कुणी त्याचा कागद ओढतंय, कुणी आपला डावा हात लावून बघतंय. त्याचं तोंड मला अजून दिसतं. मी स्वतः शाळेत अकरा वर्षं काढली, पण तसं तोंड माझं कधी झालं नव्हतं आणि मी दुसऱ्या कुणाचं बघितलं नव्हतं. शिकताना माणसाला असं होतं, हे मला विसाव्या वर्षी कळलं. तेही जी बोटं मी मोडली त्यांच्या शेजारी बसून. त्या आनंदावर माझा काही हक्क नव्हता. तरी मला तो झाला. दारात तार वाजत राहिली.

मग हळूहळू जमायला लागलं. अवघड शब्द मी मराठीत सांगायला लागलो, नियमात नसताना. पिंजारीण कापूस तोलायची तेव्हा पोरांना हिशेब सांगायची आणि मी तेच गणित फळ्यावर मांडायचो. ओकणाऱ्या मुलीचं ओकणं थांबलं. हे मला तिच्या आईनं सांगितलं. "शिळं द्याचं बंद केलं बगा," ती म्हणाली, आणि मला मान वर करवेना.

पुढच्या तपासणीला साहेब आले तेव्हा वर्गात कालवा चालू होता. साहेबांनी दारातली बाई बघितली, कापूस बघितला, हसणारी पोरं बघितली. एका पोरानं त्यांच्या प्रश्नाचं उत्तर अर्धं मराठीत दिलं. साहेबांनी पोरांसमोर माझ्या थोबाडीत मारली. पाठोपाठ दुसरी. "मदरसा है या बाज़ार?" पिंजारीण दस्ता घेऊन उठली होती. मी तिला हातानं खाली बसवलं. त्या खेपेला मात्र पोरांतलं कुणी हसलं नाही. वहीत साहेबांनी काय लिहिलं ते मी वाचलं नाही.

माझ्यावर काही कारवाई व्हायच्या आत मुलखातच आग लागली. निजामी राज्याचं ते शेवटचं वर्ष. हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरत होत्या, आमच्या शेजारच्या दोन गावांत घरं जाळली, माणसं कापली. शाळा बंद करून मी मुरुमकडं घरी गेलो. मग फौज आली, निजामी राज्य संपलं आणि आता उलट्या बाजूच्या टोळ्या निघाल्या. ज्यांनी कापलं होतं ते केव्हाच पळाले होते. मागं राहिले ते गरीब मुसलमान, तांबोळी, पिंजारी, अत्तार.

मी परत आलो तेव्हा पिंजारणीचं घर जळालेलं होतं. कापूस भडकत नाही, धुमसत राहतो. आठवडा उलटून गेला तरी ढिगातून धूर निघत होता. मी काठीनं राख उकरली. दस्त्याचं एक जळकं टोक सापडलं, माणसाचं काही सापडलं नाही. मी पाटलांना विचारलं. ते म्हणाले, "बाहेरगावची लोकं व्हती, मास्तर. आमी दारं लावून बसलो."

शाळेत गेलो तर पोरं येऊन बसली होती. कुणी बोलावलं नव्हतं. मी चौरंगावर बसलो आणि रडायला लागलो. तेव्हा ती ओकणारी मुलगी उठली. माझ्या चांगल्या कानाशी आली आणि म्हणाली, "मास्तर, रडू नका. त्यास्नी आमी बाजरीत लपवलं हुतं."

मग सगळी एकदम बोलायला लागली. टोळी वेशीत शिरली तेव्हा पोरांनी मायलेकरांना मागच्या बाजूनं बाजरीच्या रानात नेलं. तीन दिवस पाळ्या लावून भाकरी आणि पाणी पोचवलं. टोळीतल्या एकानं एका पोराला पकडून विचारलं, हात पिरगळला, भाला गळ्याला लावला. ते पोरगं बोललं नाही. कोणतं, म्हणून मी विचारलं. ओढ्यावर मास्तर झालं होतं तेच. त्याच्या गळ्यावर खपली धरली होती. चौथ्या पहाटे दोघं सोलापूरच्या वाटेला लागली.

"भ्या वाटलं न्हाय का रं?" मी त्याला विचारलं.

"लई वाटलं," तो म्हणाला. "मुतलो म्या."

सगळी हसली. तोही हसला.

मी पुढं दोनदा सोलापूरला जाऊन आलो. गाद्या भरणाऱ्यांच्या गल्ल्या पालथ्या घातल्या, डावखुऱ्या पोराची चौकशी केली. सापडली नाहीत. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं मास्तरकी केली. हात कधीच उचलला नाही असं म्हणायला आवडलं असतं, पण दोनदा उचलला. दोन्ही पोरांची तोंडं आठवतात.

टोळी येऊन गेली त्याच महिन्यात उर्दू पुस्तकं रद्द झाली आणि मराठी पुस्तकं यायला दिवाळी उलटली. तोवर माझ्याकडं शिकवायला काहीच नव्हतं. पोरं म्हणाली, "मास्तर, चला." त्यांनी मला बाजरीच्या रानात नेऊन ती जागा दाखवली. बाजरीची उभी ताटं मोडून केलेला, दोन माणसं मावतील एवढा गोल होता. आम्ही तिथंच बसलो. मी विचारलं, "ह्या गोलात किती ताटं मोडली असतील, कुणाला काढता येईल?" आणि पोरं खाली वाकून मोजायला लागली.